दोन अंगांची नौका

‘अभ्यास आणि खेळ यांची सांगड घाला,’ असे वडीलधारी माणसे तुम्हांला नेहमी सांगतात. परंतु ही सांगड म्हणजे मूळची कोणती वस्तू, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? पूर्वी नद्यांवर आजच्यासारखे पूल नसत. पैलतीर गाठण्यासाठी लोक दोन ओंडके, दोन होड्या किंवा वाळलेले भोपळे एकमेकांना घट्ट बांधीत आणि त्यांच्या आधाराने पाणी ओलांडीत. या बांधणीला सांगड म्हणत. एकट्या ओंडक्यावर माणूस बसला, की ओंडका गरकन फिरतो आणि माणूस पाण्यात पडतो. तेच दोन ओंडके जोडले, की ते निमूटपणे भार वाहतात.

ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका समुद्रप्रवासाच्या वर्णनात, भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील मोठ्या नौकांचा उल्लेख आहे. एकेका ओंडक्याच्या नावा एकत्र जोडून त्या केलेल्या असत आणि त्यांना ‘संगर’ म्हणत. या शब्दाचे आपल्या सांगडीशी नाते असावे, असे विद्वानांनी म्हटले आहे. त्याच किनाऱ्यावरचे तमिळ कोळी ओंडके बांधून केलेल्या तराफ्याला ‘कट्टुमरम’ म्हणतात. ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड. इंग्रजांनी हा शब्द उचलला आणि त्याचे ‘कॅटमरान’ झाले. पुढे या शब्दाचा अर्थही पालटला. आज कॅटमरान म्हणजे तराफा नव्हे; दोन सारखी, लांब व अरुंद अंगे काही अंतरावर ठेवून मधल्या तक्तपोशीने जोडलेली नौका, असा त्याचा अर्थ होतो.

अशा जोडनौकांतून महासागर ओलांडण्याचे धाडस प्रशांत महासागरातील पॉलिनेशियन लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी केले. युरोपात मात्र हा प्रकार दीर्घकाळ परकाच राहिला. 1954 साली जेम्स व्हॅरम नावाच्या इंग्रज तरुणाने पॉलिनेशियन धर्तीवर अवघी साडेतेवीस फूट लांबीची जोडनौका बांधली आणि दोन सहकारी तरुणींसह तिच्यातून अटलांटिक महासागर ओलांडला. त्यानंतर त्याने चाळीस फुटांची दुसरी नौका बांधली आणि 1959 साली ती न्यूयॉर्कहून आयर्लंडला नेली. आज काचतंतूंच्या अशा शेकडो नौका फ्रान्समधील कारखान्यांतून बाहेर पडतात आणि त्यांत कुटुंबेच्या कुटुंबे महिनोन्‌महिने राहून सागरप्रवास करतात.

ही नौका इतकी लोकप्रिय का झाली, हे समजून घेण्यासाठी एक लहानसा प्रयोग करा. दोन्ही पाय जुळवून उभे राहा आणि मित्राला तुमचा खांदा हलकेच ढकलायला सांगा. तुमचा तोल जाईल. आता पाय फाकून उभे राहा. तेवढ्याच धक्क्याने तुम्ही हलणारही नाही. एका अंगाची शिडाची नौका ही पाय जुळवून उभ्या असलेल्या मुलासारखी असते. ती उलटू नये म्हणून तिच्या तळाशी खोल कणा बसवून त्यात शिसे किंवा लोखंड घालतात. कित्येक नौकांत एकूण वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा या भाराचाच असतो. जोडनौकेला असा भार लागत नाही. बारा मीटर लांबीची एकअंगी नौका सुमारे चार मीटर रुंद असते, तर तेवढ्याच लांबीची जोडनौका साडेसहा ते सात मीटर रुंद असते. ही रुंदी हाच तिचा आधार होय.

या रचनेचे लाभ उघड आहेत. वाऱ्याने शीड भरले, की एकअंगी नौका एका कुशीवर कलते आणि आतल्या माणसांना भिंतीला धरून चालावे लागते. जोडनौका जवळजवळ सपाट चालते. मेजावरचा चहाचा पेला जागच्या जागी राहतो. दोन अंगांच्या मध्ये ऐसपैस बैठकीची खोली मिळते. खोल कणा नसल्यामुळे एकअंगी नौकेला दोन मीटर पाणी लागते तेथे हिला सुमारे सव्वा मीटर पुरते. प्रत्येक अंगात एक याप्रमाणे दोन इंजिने असतात. एक पुढे व दुसरे मागे चालविले, की नौका जागच्या जागी वळते.

परंतु कोणताही लाभ फुकट मिळत नाही. बंदरात ही नौका दोघींची जागा अडविते. खोल कणा नसल्यामुळे वाऱ्याच्या रोखाने चढून जाणे तिला अवघड पडते. तिची अरुंद अंगे अधिक ओझे सोशीत नाहीत. सामान फार झाले, की ती पाण्यात खोल बसते, तिचा वेग मंदावतो आणि लाटा मधल्या तक्तपोशीवर खालून धडका मारू लागतात. म्हणून तिच्यावर राहणारे लोक प्रत्येक वस्तू वजनाचा विचार करून आत घेतात.

सर्वांत मोठे मोल मात्र निराळेच आहे. एकअंगी नौका कलली, की तिच्या शिडातला वारा निसटतो आणि तळाचा भार तिला पुन्हा उभी करतो. तळाशी जड असलेली बाहुली ढकलली तरी उठून उभी राहते, तसाच हा प्रकार. शिवाय तिचे कलणे ही खलाशाला सूचनाच असते : ‘शीड आखडा, वारा वाढला!’ जोडनौका कलत नाही. म्हणून अशी सूचनाही देत नाही. ती शांतपणे वाऱ्याचा जोर सोशीत राहते. परंतु वाऱ्याकडचे अंग एकदा पाण्याबाहेर उचलले गेले, की तिचे बळ घटू लागते, आणि ती उलटली तर आपण होऊन कधीही सुलटी होत नाही. पाण्यावर तरंगणारा पाट पालथा असला तरी सुलट्याइतकाच स्थिर असतो, हे ध्यानात आणा.

याचा दारुण अनुभव हवाई बेटांच्या लोकांनी घेतला. पूर्वजांच्या विद्येची परीक्षा घेण्यासाठी त्यांनी 1975 साली ‘होकुलेआ’ नावाची जोडनौका बांधली. 1976 साली माउ पिआइलुग या नाविकाने होकायंत्रावाचून, केवळ तारे, लाटा आणि पक्षी यांच्या आधारे ती ताहितीला नेली. 1978 च्या मार्चमध्ये ती पुन्हा निघाली. सामान पुष्कळ होते आणि वारा प्रचंड होता. एका अंगात पाणी भरले आणि मध्यरात्रीच्या सुमारास नौका उलटली. रात्रभर खलाशी तिच्या पालथ्या अंगांना धरून राहिले. त्यांच्यात एडी आयकाऊ नावाचा जीवरक्षक होता. अनेक बुडत्यांना त्याने पूर्वी वाचविले होते. लाटांवर घसरण्याच्या आपल्या फळीवर झोपून, हातांनी पाणी कापीत, तो मदत आणण्यासाठी दूरच्या लनाई बेटाकडे निघाला. त्याच दिवशी एका विमानाच्या दृष्टीस ती नौका पडली आणि उरलेले सर्वजण वाचले. एडी मात्र पुन्हा दिसला नाही.

त्या लोकांनी होकुलेआ टाकून दिली नाही. त्यांनी तिची डागडुजी केली, पुढील प्रवासांत सोबतीला दुसरी नौका ठेवली आणि 1980 साली ती ताहितीला जाऊन सुखरूप परत आली. पुढे 2014 ते 2017 या काळात तिने पृथ्वीप्रदक्षिणाही केली.

आजच्या जोडनौकांवर वारा मोजण्याचे यंत्र असते. किती वाऱ्याला शीड किती आखडावे, याचा तक्ता बांधणारेच देतात. शहाणा खलाशी नौका डळमळण्याची वाट पाहत नाही. आकडा दिसताच तो शीड आखडतो. मुलांनो, ज्या गोष्टी आपल्याला वारंवार इशारे देतात त्यांच्याविषयी आपण सावध असतोच. परंतु ज्या गोष्टी निमूटपणे आपला भार वाहतात त्यांची मर्यादा आपणच आधी ओळखावी लागते. नौकेच्या दोन अंगांची सांगड कारागीर घालतो. स्थैर्य आणि सावधपणा यांची सांगड मात्र खलाशालाच घालावी लागते.

स्वाध्याय

1. सांगड, कट्टुमरम आणि आजची जोडनौका यांत साम्य कोणते व भेद कोणता?
2. जोडनौका आपण होऊन सुलटी का होत नाही, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.
3. ‘सांगड घालणे’ व ‘तोल जाणे’ हे वाक्प्रचार वापरून प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.
4. एडी आयकाऊच्या जागी तुम्ही असता, तर नौकेवर थांबला असता की निघाला असता? कारणे देऊन दहा ओळी लिहा.