रद्द केलेली नोंद

माझी नोकरीची तीस वर्षे बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एस.टी.त आणि वडापात गेली. भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करीत जाणाऱ्या वडापाच्या जीपमध्ये माणसे कोंबलेली असत, तिला परवानाही बहुधा नसे. परंतु गाडी हाकणारा कोणत्या वाडीचा, कोणाचा जावई, हे आतल्या दहांपैकी चौघांना तरी ठाऊक असे, आणि ती ओळख हीच प्रवाशाची हमी असे. मोबाईलवरून बोलावलेल्या गाडीत ओळखीच्या जागी केवळ एक नोंद असते, हे मला ज्या रात्री उमगले, त्या रात्रीची हकीकत एकट्याने प्रवास करणाऱ्यांच्या उपयोगी पडावी म्हणून सांगते.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात पुण्याहून इंदापूरला परतताना एस.टी. चुकली, म्हणून हडपसरहून गाडी मागवली. आली ती निराळ्याच क्रमांकाची, पांढऱ्या पाटीची. चालकाचा चेहराही छायाचित्राशी जुळेना. "माझी गाडी बिघडली, मावशी, ही भावाची हाय," तो म्हणाला, "आणि ट्रिप कॅन्सल करा, कंपनीचं कमिशन वाचलं की तुम्हालाच शंभर रुपये कमी घेतो." मी रद्द केली. पाटसला सोलापूर रस्ता सोडून गाडी बारामतीकडे वळली, रोटी घाट ओलांडल्यावर उंडवडीजवळ एक अनोळखी इसम पुढे येऊन बसला, आणि दोघांची कुजबुज सुरू झाली. बारामतीच्या स्थानकाचे दिवे दिसताच, बहीण इथेच राहते असे खोटे सांगून मी उतरले. डिकीतली पिशवी मागेपर्यंत गाडी निघून गेली होती. पिशवीत निवृत्तिवेतनाची सारी कागदपत्रे होती.

फिर्याद लिहून घेताना अंमलदारांनी क्रमांक विचारला, तेव्हा माझ्यापाशी होता तो न आलेल्या गाडीचा. कंपनीने कळवले की सदर प्रवास आरंभापूर्वीच रद्द झाल्याने दप्तरी त्याची नोंद नाही. शंभर रुपयांच्या लोभाने मी स्वतःच स्वतःला दप्तरातून खोडून टाकले होते. मार्गाचा माग आणि ॲपमधले संकटाचे बटण, दोन्ही त्या क्षणी संपली होती.

म्हणून दार उघडण्यापूर्वी पाटीवरचे आकडे मोबाईलशी ताडून पाहावेत. भाड्याच्या मोटारीची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात, विजेवरची असल्यास हिरव्या पाटीवर पिवळी; शंका आल्यास शासनाच्या एम-परिवहन ॲपवर क्रमांक घालून खातरजमा करता येते. आपले नाव आपण सांगू नये, कोणाला न्यायला आलात हे चालकालाच विचारावे, आणि प्रवास सुरू करण्याचा चार आकडी संकेत (ओटीपी) त्यानंतरच द्यावा. मार्ग बदलला की घरी फोन करून मोठ्याने गाव सांगावे, आणि भय वाटल्यास 112 लावण्यास संकोचू नये.

कंपनीने पडताळणी केली असेलच, या भरवशावर मात्र राहू नये. डिसेंबर 2014 मध्ये दिल्लीत उबरच्या गाडीत एका तरुणीवर अत्याचार झाला, तेव्हा त्या चालकाचा चारित्र्याचा दाखलाच बनावट निघाला होता. महाराष्ट्र शासनाने ॲपवरच्या गाड्यांसाठीच्या 2025 च्या धोरणात चालकाची पूर्वपडताळणी आणि वाहनाचा माग बंधनकारक केला, याचे मला मनापासून समाधान आहे; परंतु शासनाचा तो सारा बंदोबस्त चालू राहिलेल्या नोंदीपुरताच असतो.

गेल्या महिन्यात स्वारगेटला मागवलेल्या गाडीच्या चालकाकडून पुन्हा तेच शब्द कानी आले, "ट्रिप कॅन्सल करा." मी दाराला हातही न लावता मागे सरले, आणि इंदापूरच्या पुढच्या एस.टी.साठी रांगेत उभी राहिले.