घरात रागावता कोणत्या भाषेत?

पुसद, दिग्रस, आर्णीकडच्या शाळांत पहिलीच्या प्रवेशाच्या दिवसांत एक वाक्य हल्ली फार ऐकू येतं. ‘घरी आम्ही मराठीच बोलतो, मॅडम.’ बोलणाऱ्या आईबापाचं आडनाव राठोड, आडे किंवा चव्हाण असतं आणि सुरात थोडी भीती असते, की नाही म्हटलं तर लेकराला मागच्या बाकावर बसवतील. तेवढ्यात लेकरू दाराबाहेर पळतं आणि आईच्या तोंडून खणखणीत गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, निघते. तुम्ही रागावता गोरबोलीत, लाड करता गोरबोलीत, लेकरू तापानं फणफणलं की उशाशी पुटपुटता तेही गोरबोलीत. मग घरातली ती मराठी नेमकी कुणाच्या समाधानासाठी? थोडं याच विषयावर बोलू या. ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या मराठीच आहे त्यांनी पान उलटू नये, त्यांच्याशीही बोलायचं आहे.

परक्या मुलखात येऊन रुजणं म्हटलं की आपल्याला अमेरिका आठवते. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात त्याचं केवढं मोठं उदाहरण नांदतंय, ते मात्र दिसत नाही. बंजारा मूळचे राजस्थानाकडचे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणारे. मोगलांच्या फौजा दख्खनेत उतरल्या, तेव्हा त्यांना दाणागोटा पुरवायला हे तांडे मागोमाग आले. वऱ्हाडच्या पोलीस खात्यातल्या कंबरलेज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं बंजाऱ्यांवरचं टिपण 1882 साली छापलं गेलं. 1630 च्या सुमारास आसफखानाच्या फौजेबरोबर भंगी आणि जंगी नाईक 1,80,000 बैल घेऊन आले, अशी हकिकत त्यात आहे. आकडा आख्यायिकेचा समजा, पण त्यातला दिमाख खरा आहे. हे लोक कुणाच्या दारात हात पसरायला आले नव्हते. त्यांच्याशिवाय फौज उपाशी राहिली असती. तुमच्या मुलांना शाळेच्या पुस्तकात हे सापडेलच असं नाही, म्हणून तुम्हीच सांगा.

मग रेल्वे आली. 1867 साली रूळ नागपूरला पोचले, मालगाडीपुढे बैलांच्या पाठीचा निभाव लागेना, आणि फिरता तांडा जिथे होता तिथे हळूहळू थांबला. शेती, मजुरी, गुरं, मिळेल ते काम. त्यातच 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि अनेक भटक्या समाजांवर जन्माबरोबरच संशयाचा शिक्का बसू लागला. तो कायदा 1952 साली रद्द झाला. कागदावरचा शिक्का गेला, नजरेतला जायला वेळ लागतो. प्रवेशाच्या टेबलापुढची ती भीती कुठून येते, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

तरीही हा समाज इथे रुजला, आणि कसा रुजला ते पाहण्यासारखं आहे. तांडा गावापासून थोडा अलग बसला. आत नायक आणि कारभारी, तीजेला टोपलीत गहू पेरणाऱ्या पोरी, होळीची लेंगी गीतं, सेवालाल महाराजांची पोहरादेवी, जी आज वाशीम जिल्ह्यात आहे. बाहेर आठवडी बाजार, तलाठी, दवाखाना, सगळं मराठीत. फेटिया-काचळीतली म्हातारी बाजारात कापडवाल्याशी वऱ्हाडी ठसक्यात घासाघीस करायची आणि घरी येऊन नातवंडांना गोरबोलीत गोष्ट सांगायची. तिला कुणी ‘द्विभाषिक’ म्हटलं नाही. शिकवणीही लावली नाही. दोन भाषा दोन खिशांत ठेवून तिनं आयुष्य काढलं.

पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या तांड्यात 1 जुलै 1913 ला जन्मलेलं एक मूल असंच दोन भाषांत वाढलं. घराण्याचं आडनाव राठोड, पण आजोबा चतुरसिंग तांड्याचे नाईक, म्हणून पुढे नाईकच झालं. शाळेसाठी या गावातून त्या गावात हिंडत तो मुलगा नागपूरच्या मॉरिस कॉलेजात पोचला, वकील झाला, पुसदला वकिली केली आणि 1963 ते 1975 महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होता. वसंतराव नाईकांचा फोटो आपल्याकडे शाळाशाळांत दिसतो. त्यांच्या जन्मदिवशी आपण कृषी दिन साजरा करतो, भाषणं होतात. त्या दिवशी कुणी एखाद्या मुलाला गोरबोलीत चार वाक्यं बोलायला उभं करतं का? मी तरी पाहिलेलं नाही.

आता बदललंय ते असं, की तांडा सोडून आलेली तरुण जोडपी शहरात भाड्याच्या घरात राहतात, पोरं इंग्रजी शाळेत जातात आणि दुसरा खिसा शिवून टाकला जातो. हेतू वाईट नाही. गोरबोली राहिली तर मराठी कच्ची राहील, मराठी राहिली तर इंग्रजी, असा हिशोब आहे. पण लेकराचं डोकं म्हणजे एक पायली धान्याची कोठी नव्हे, की एक घातलं तर दुसरं काढावं लागेल. दोन भाषांत वाढणारं मूल सुरुवातीला शब्दांची सरमिसळ करतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पुढे ते आपोआप वेगळं होतं.

अमेरिकेत अलेहांद्रो पोर्तेस आणि रुबेन रुम्बाउत या समाजशास्त्रज्ञांनी 1992 पासून मायामी आणि सॅन डिएगो या भागांत स्थलांतरितांच्या पाच हजारांहून जास्त मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. ज्या मुलांना नवी भाषा आली आणि आईबापांचीही टिकली, त्यांचं घराशी जास्त पटत होतं आणि त्यांच्या आकांक्षाही मोठ्या होत्या. जिथे पोरानं झपाट्यानं नवं उचललं, जुनं टाकलं आणि आईबाप मागे राहिले, तिथे घरातली पंचाईत वाढली. कारण अशा घरात मूलच मोठ्यांचं दुभाषी होतं, आणि दुभाष्याच्या हाती किल्ली असते.

ही किल्ली आपल्याकडेही फिरते बरं का. शाळेच्या डायरीत इंग्रजीत शेरा येतो. बाप विचारतो, ‘काय लिहिलं?’ पोरगा म्हणतो, ‘काही नाही, छान म्हणते मॅडम.’ मॅडमनं काय लिहिलंय ते मॅडमलाच ठाऊक! सहा महिन्यांनी असा बाप शाळेत येतो तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला असतो. म्हणून सांगते, निरोप समजला नाही तर पोराकडून नव्हे, आम्हा शाळेतल्या लोकांकडून समजून घ्या. फोन करा, या, मराठीत लिहून मागा. बँकेत, दवाखान्यात पोराला सोबत न्या, पण प्रश्न तुम्ही विचारा. आपला बाप चुकतमाकत का होईना स्वतः बोलतो, हे त्याला दिसू दे.

महागाव, उमरखेडकडच्या काही पालकांची अडचण वेगळी आहे. दिवाळी झाली की ते ऊसतोडीला पश्चिमेकडे निघतात. त्यांना भाषेचं प्रवचन द्यायला माझी जीभ रेटत नाही. त्यांच्यासाठी एवढंच, की लेकराला कोयत्यामागे नेण्याआधी हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. आजी गावात असेल तर तिच्यापाशी ठेवा. भाषेचंही त्यातच काम होईल.

आता बाकीच्या पालकांकडे वळते. तुमची मुलं कुणाला ‘तांड्यावरचा’ म्हणून चिडवतात, ती हे शाळेत शिकत नाहीत. जेवताना ‘यांचं काय, यांना सवलती आहेत’ हे वाक्य कोण म्हणतं, आठवून पाहा. हीच तुमची मुलं उद्या पुण्याला जातात, वसतिगृहात ‘मी जेवण करून राहिलो’ म्हणतात आणि सगळे हसतात. मग महिनाभरात वऱ्हाडी जिभेवरून गायब, आणि सुट्टीत घरी आलं तरी आजीशी पुणेरी! तेव्हा तुम्हाला वाईट वाटतं ना? आणि जे त्याहून लांब, न्यू जर्सीला गेलेत, ते आठवड्याचं काम उरकून मुलांना बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत गाडीनं नेतात. तिथे आपण त्यांचं कौतुक करतो. पुसदच्या बसस्टँडवर गोरबोली कानावर पडली की मात्र कपाळावर आठी.

आणि मूळचे कोण, हा वाद यवतमाळात तर कुणी काढूच नये. केळापूर, झरी जामणी, मारेगावकडच्या कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर, म्हातारी माणसं जी कोलामी बोलतात, ती द्राविडी कुळातली भाषा आहे. गोंडीही त्याच कुळातली. पांढरकवड्याच्या बाजारात तेलुगू कानावर पडतेच. कोलामांनी आपल्याला ‘तुम्ही कधी आलात?’ विचारलं तर आपण काय सांगणार?

2011 च्या जनगणनेत आपली मातृभाषा लमाणी किंवा लंबाडी, म्हणजे गोरबोलीच, सांगणारे देशात 32 लाखांहून जास्त होते, आणि सरकारी तक्त्यात त्यांना हिंदीखाली टाकलेलं आहे. तक्ता दिल्लीत बदलेल तेव्हा बदलेल. पण जनगणनेला माणूस दाराशी येईल तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात काय लिहायचं, हे घरात आधी ठरवून ठेवा आणि तोंडानं स्पष्ट सांगा. आमच्याही प्रवेश अर्जात हा रकाना आहे. तिथे बिनधास्त ‘गोरबोली’ लिहा, ‘कोलामी’ लिहा. त्यानं बाक बदलत नाही. उलट वर्गशिक्षिकेला कळतं, की पहिल्या महिन्यात हे मूल गप्प का आहे आणि त्याच्याशेजारी कुणाला बसवायचं.