मुलांच्या मनाची विचारपूस

हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाला अबू उमैर म्हणत. त्याच्याजवळ एक छोटा पक्षी होता. तो मेला आणि मूल उदास झाले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या बालकाजवळ जाऊन त्याच्या पक्ष्याविषयी आपुलकीने विचारले. हदीससंग्रहांत आलेल्या या प्रसंगात आपल्यासाठी मोठी शिकवण आहे: लहानाचे दुःख लहान नसते.

आता आपल्या घराकडे पाहा. दहावीतील मुलगी जेवण टाळते, रात्र-रात्र जागते, मैत्रिणींना भेटत नाही. आपण म्हणतो, "नमाज चुकवतेस, म्हणून असे होते." नमाज व दुआ यांनी मनाला आधार मिळतो, यात शंका नाही, परंतु आजाराला ईमानाची उणीव ठरविणे हा अन्याय आहे. हजरत याकूब (अ.) पुत्रवियोगाने इतके रडले की त्यांची दृष्टी गेली. त्यांच्या ईमानाविषयी कोण शंका घेईल? प्रेषितांनी (स.) आजारावर उपचार करण्यास सांगितले आहे. दुआ आणि औषध यांत विरोध नाही.

मग मदत कोठे मिळेल? पहिला आधार घर. उपदेश न करता ऐकून घ्या. दुसरा आधार विश्वासातील शिक्षक किंवा शाळेचे समुपदेशक. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. छळ होत असलेले किंवा संकटात सापडलेले मूल १०९८ वर स्वतः फोन करू शकते.

मूल मरणाची भाषा बोलू लागले, तर त्याला रागावू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असे शांतपणे, स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट ओझे हलके होते. त्याला एकटे सोडू नका, घरातील औषधे व कीटकनाशके दूर ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

"लोक काय म्हणतील, पुढे स्थळ कसे येईल?" ही भीती अनेक घरांत उपचार अडवते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. आणि संतती ही अल्लाहची अमानत आहे. तिच्याविषयी जाब आपल्याला द्यायचा आहे, लोकांना नव्हे.

आज रात्री जेवणानंतर आपल्या मुलाजवळ बसा. अभ्यासाविषयी नको, त्याच्या मनाविषयी विचारा.