चाकाचा कंप: निदान आणि उपाय

चाक हें मनुष्याच्या बुद्धीचें फार जुनें अपत्य होय. बैलगाडीचें चाक किंचित् वांकडें असलें तरी गाडी गांवास पोंचते. कारण बैलाची चाल मंद असते, आणि मंद गति पुष्कळ दोष पोटांत घालते. वेग वाढला कीं तेच दोष बोलूं लागतात. नागपूर व मुंबई यांस जोडणारा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग ता. ५ जून २०२५ रोजीं संपूर्ण खुला झाला. तेथें मोटारींस सपाटीवर ताशीं १२० किलोमीटरपर्यंत वेगाची परवानगी आहे. गांवांतल्या रस्त्यावर वर्षानुवर्षें मुकाट्यानें चाललेली गाडी अशा महामार्गावर ८०-९० चा वेग ओलांडतांच थरथरूं लागते, आणि गाडींत बसलेलीं माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मोटार आहे, व सुटींत ती मुलाबाळांसह लांबच्या प्रवासास निघते. म्हणून हा कंप कां उत्पन्न होतो, त्याचें मूळ कसें शोधावें, आणि कोणता कंप केवळ त्रासदायक व कोणता जिवावर बेतणारा, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कंप हा रोग नव्हे. तें रोगाचें लक्षण होय. ताप आला म्हणून शहाणा वैद्य एकदम औषधाची बाटली उघडीत नाहीं. ताप केव्हां चढतो, केव्हां उतरतो, हें आधीं विचारतो. गाडीच्या बाबतींत मात्र कंप जाणवतांच "अलाइनमेंट करून टाका" किंवा "चारी टायर बदला" असें सांगून आपण मोकळे होतों. मग पैसे जातात आणि कंप राहतो. 'आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं' ही म्हण अशा वेळीं अक्षरशः खरी ठरते.

आतां कंपाचें कारण पाहूं. मध्यम आकाराच्या एखाद्या मोटारीच्या टायरवर १८५/६५ आर १५ असे अंक असतात. यांतील १८५ ही टायरची मिलिमीटरांतील रुंदी. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा ६५. व १५ हा रिमचा इंचांतील व्यास. या अंकांवरून चाकाचा व्यास सुमारें ६२ सेंटिमीटर व परीघ सुमारें १.९५ मीटर येतो. विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा. ताशीं १०० किलोमीटर म्हणजे सेकंदास २७.८ मीटर, अर्थात् हें चाक एका सेकंदांत सुमारें १४ फेरे घेतें. या चाकाच्या कडेस, मध्यापासून १९ सेंटिमीटरांवर, एके ठिकाणीं केवळ ३० ग्रॅम वजन अधिक आहे असें समजा. गोफण फिरवितांना दगड हातास ओढतो, तसें हें वजन आंसास ओढतें. ही ओढ वजन, त्रिज्या व फिरण्याच्या वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराइतकी असते. हिशेबानें ती सुमारें ४५ न्यूटन, म्हणजे साडेचार किलो वजन टांगल्याइतकी भरते. आणि ती क्षणांत वर, क्षणांत खालीं, अशी सेकंदास चौदा वेळां दिशा फिरविते. वेग निम्मा केला तर ओढ निम्मी होत नाहीं, चतुर्थांश होते. ५० च्या वेगानें जातांना तीच ओढ सव्वा किलोच्याही आंत असते. म्हणून गांवांत दोष कळत नाहीं.

यांत आणखी एक भर पडते. झोपाळ्यास त्याच्या स्वतःच्या लयींत हलके धक्के दिले तरी तो उंच जातो. लय सोडून दिलेले मोठे धक्के वायां जातात. चाक, त्याचा आंस, स्प्रिंगा व रबरी आधार या सर्वांची मिळून अशीच एक स्वाभाविक लय असते, व ती पुष्कळ मोटारींत सेकंदास १० ते १५ हेलकाव्यांच्या दरम्यान येते. चाकाचे फेरे त्या लयीशीं जुळले कीं कंप एकदम वाढतो. म्हणूनच पुष्कळ गाड्या ८० ते ११० च्या दरम्यान थरथरतात आणि त्याहून वेग वाढविल्यावर थोड्या शांत होतात. "वेग वाढविला कीं थरथर जाते" असें म्हणून समाधान मानणारे लोक दोष दूर करीत नाहींत. फक्त लय चुकवितात.

हा विषय हातानें समजून घेण्यास सायकल पुरेशी आहे. सायकल उलटी ठेवून पुढचें चाक हलकेंच फिरवावें व आपोआप थांबूं द्यावें. तें बहुधा प्रत्येक वेळीं एकच बाजू खालीं घेऊन थांबेल. ती जड बाजू होय. तिच्या बरोबर समोरच्या आऱ्यांस तारेचा लहान तुकडा गुंडाळावा, व चाक कोठेंही थांबूं लागेपर्यंत तो कमीजास्त करावा. यास स्थिर तोल म्हणतात. परंतु मोटारीचें चाक रुंद असतें. त्याच्या आंतल्या कडेस वरच्या बाजूला व बाहेरच्या कडेस खालच्या बाजूला सारखेंच जास्त वजन असेल, तर उभें चाक पूर्ण तोललेलें दिसेल. फिरूं लागतांच मात्र तें डावीउजवीकडे डोलूं लागेल. म्हणून बॅलन्सिंगचें यंत्र चाक फिरवून दोन्ही कडांचा तोल निरनिराळा मोजतें, आणि कारागीर दोन्ही कडांस वजनें लावितो.

कारण कळलें, आतां चालकानें स्वतःस चार प्रश्न विचारावे. पहिला प्रश्न: कंप कोणत्या वेगांत येतो? ठराविक वेगाच्या पट्ट्यांतच येत असेल तर चाकाच्या तोलाचा संशय प्रथम घ्यावा. ३०-४० च्या वेगांतही गाडी हेलकावत असेल तर केवळ तोल नव्हे, टायर किंवा रिम यांचा आकारच बिघडला असण्याचा संभव अधिक. दुसरा प्रश्न: तो कोठें जाणवतो? स्टिअरिंग हातांत थरथरत असेल तर बहुधा पुढचीं चाकें. आसन व पायाखालची जमीन थरथरत असेल तर बहुधा मागचीं. तिसरा प्रश्न: तो केव्हां येतो? केवळ ब्रेक दाबतांना येत असेल तर ब्रेकच्या डिस्कची जाडी असमान झाली असावी. केवळ जोरानें वेग वाढवितांना येत असेल तर चाकांस शक्ति पोंचविणाऱ्या दांड्याचे सांधे पाहावे. चौथा प्रश्न: तो चाकाबरोबर चालतो कीं इंजिनाबरोबर? त्याच वेगांत गिअर बदलला असतां कंपाची लय बदलली, किंवा उभ्या गाडींत इंजिन चढविलें असतांही कंप आला, तर चाकें निर्दोष समजावीं व इंजिनाकडे वळावें. हीं उत्तरें कागदावर लिहून कारागिराच्या हातीं दिलीं, तर त्याचें अर्धें काम झालेंच.

यानंतर डोळ्यांनीं तपासणी. हिला पैसा लागत नाहीं. चालकाच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या दाबाची पट्टी चिकटविलेली असते; तितकी हवा टायर थंड असतांना भरावी. उन्हाळ्यांत टायर फुटूं नये म्हणून हवा कमी ठेवण्याची जी समजूत आहे ती घातक आहे. हवा कमी असली कीं टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यास अधिक दुमडते, अधिक तापते, व त्याच उष्णतेनें टायर फुटतो. मग रिमच्या आंतल्या अंगास हात घालून पाहावें. पावसाळ्यांत कच्च्या रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या रिममध्यें चिखल बसतो व वाळून घट्ट होतो. तीस ग्रॅम काय, त्याच्या कितीतरी पट वजन एकाच बाजूस होतें. असा कंप बादलीभर पाण्यानें जातो. रिमच्या कडेवर स्वच्छ चौकोनी डाग दिसला, तर तेथील तोलाचें वजन गळून पडलें असें समजावें. गाडी कित्येक आठवडे एकाच जागीं उभी असेल, तर टायरचा खालचा भाग चपटा होतो. हा कंप बहुधा काहीं किलोमीटर चालून टायर तापल्यावर आपोआप नाहींसा होतो.

याच तपासणींत दोन गोष्टी अशा आहेत कीं, त्या आढळल्यास पुढें जाऊंच नये. एक, टायरच्या बाजूवर आलेला फुगवटा. खड्ड्याच्या आघातानें आंतील दोऱ्यांचें जाळें तुटलें म्हणजे हवा तेथील रबरास बाहेर ढकलते. त्याचप्रमाणें नक्षीवर एके ठिकाणीं आलेला उंचवटा म्हणजे आंतील पोलादी तारांचा थर सुटल्याची खूण होय. असा टायर दुरुस्त होत नाहीं; तो काढून स्टेपनी लावावी. दुसरी, सैल नट. चाक नुकतेंच काढून बसविलें असेल आणि त्यानंतर कंप सुरू होऊन वाढत जात असेल, तर गाडी ताबडतोब सुरक्षित जागीं थांबवून नट पाहावे. नट ओळीनें नव्हे, तर समोरासमोर, चांदणी काढल्याप्रमाणें आवळावे, गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या जोरानें आवळावे, व ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हां तपासावे. या दोन कारणांनीं टायर फुटूं शकतो किंवा चाक निखळूं शकतें. मग वेग हा मित्र न राहतां वैरी होतो.

डोळ्यांस कांहीं न दिसल्यास अदलाबदलीचा उपाय करावा. एकाच बाजूचें पुढचें चाक मागें व मागचें पुढें लावावें. स्टिअरिंगचा कंप नाहींसा होऊन आसनाखालीं गेला, तर दोष त्या चाकाबरोबर गेला, हें सिद्ध झालें. तो होता तेथेंच राहिला, तर दुसऱ्या बाजूची अशीच अदलाबदल करून पाहावी. दोन्ही बाजूंचीं चाकें हलवूनही कंप हातांतच राहिला, तर चाकें सोडून डिस्क, बेअरिंग व स्टिअरिंगचे सांधे तपासावे. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कोणत्या औषधानें आला हें कळत नाहीं. हें काम सपाट जमिनीवर, इतर चाकांस दगडाची ओट देऊन, वडील माणसांनींच करावें; केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं कोणीही अंग घालूं नये. पुष्कळ नव्या गाड्यांची स्टेपनी लहान असते व तिच्यावर ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. ती घेऊन महामार्गावर परीक्षा पाहूं नये.

आतां कारखान्यांतील काम. अलाइनमेंट व बॅलन्सिंग या दोन शब्दांचा लोकांत फार घोटाळा आहे. अलाइनमेंट म्हणजे चाकांची दिशा व कल नीट करणें. ती बिघडली तर गाडी एका बाजूस ओढते व टायर वेडेवांकडे झिजतात. तिच्यामुळें सहसा थेट कंप येत नाहीं, वेडीवांकडी झीज मात्र पुढें कंप आणते. बॅलन्सिंग म्हणजे तोल, आणि महामार्गावरील कंपास पुष्कळदां हेंच औषध लागू पडतें. तें करून घेतांना मालकानें जवळ उभें राहावें. जुनीं वजनें काढलीं कीं नाहीं, रिम पुसली कीं नाहीं, आणि वजनें लाविल्यावर चाक पुन्हां फिरवून दोन्ही कडांस शून्य दाखविलें कीं नाहीं, हें पाहावें. संशय आल्यास चाक यंत्रावरून सोडून पुन्हां बसवून मोजण्यास सांगावें. आंकडा बदलला तर चाक यंत्राच्या बरोबर मध्यावर बसलें नव्हतें, व लाविलेला तोल खोटा होता.

तोल शून्य दाखवूनही कंप राहिला तर निराश होऊं नये. अंड्याच्या आकाराची वस्तूही तोलतां येते, पण ती गडगडत चालत नाहीं, ठेंचाळत चालते. तसाच रिम वांकलेली किंवा टायर असमान असलेल्या चाकाचा प्रकार आहे. चाक फिरवून त्याच्या कडेशीं कांटा धरिला असतां किती मिलिमीटर चढउतार आहे हें कळतें. मान्य मर्यादा गाडीच्या पुस्तकांत असते. टायरचा उंच भाग रिमच्या खोल भागावर येईल असा तो रिमवर फिरवून बसविला, तर कांहीं वेळां दोन दोष एकमेकांस मारितात. कांहीं कारखान्यांत चाकावर रूळ दाबून टायरची ताठरता मोजणारें यंत्रही असतें. तसेंच चाक ज्या तबकडीवर बसतें तेथील गंज घासून काढावा. गंजाचा पातळ पापुद्राही चाक तिरपें बसविण्यास पुरतो. बाजारांतून निराळी रिम बसविली असेल, तर तिचें मधलें भोंक गाडीच्या तबकडीशीं जुळतें कीं नाहीं हें अवश्य पाहावें.

असो. वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, या सर्व क्रमांत स्वस्त उपाय आधीं व महाग उपाय शेवटीं आला आहे. पाणी, हवा व पाना यांनीं भागत असेल तर नवे टायर घेऊं नयेत. आणि टायरवर फुगवटा दिसला असेल तर पैशाकडे पाहून एक दिवसही ढकलूं नये. कोणता प्रसंग कोणता, हें ओळखणें हेंच खरें ज्ञान. विद्यार्थ्यांनीं पुढील सुटीच्या प्रवासाच्या आदल्या दिवशीं वडिलांसमवेत गाडीभोंवतीं एक फेरी घालावी, चारी टायरांच्या दोन्ही बाजू न्याहाळाव्या, दाराच्या चौकटीवरील आंकडा वाचून दाखवावा. दहा मिनिटांचें हें काम आहे. वर्गांत शिकलेला वर्तुळगतीचा नियम त्या दिवशीं पुस्तकांतून उतरून घरच्या माणसांच्या उपयोगीं पडेल.