न विचारता घेतलेले निर्णय

यवतमाळला लागून असलेल्या आमच्या लोहाऱ्यात संगणक नवा राहिलेला नाही. एमआयडीसीतल्या कारखान्यांत, जिनिंगच्या काट्यावर, कृषी केंद्रात एक्सेल रोज उघडतं आणि एमएस-सीआयटी झालेलं कुणीतरी बऱ्याच घरांत सापडतं. मी कास्तकारांच्या एका गटाच्या नोंदी सांभाळते. कापसाची आवक, तुरीचा भाव, मंडळनिहाय पाऊस, कोणी किती एकर काय पेरलं. हे सगळं सभेत वाचून दाखवलं की लोक ऐकून घेतात. चित्रात दाखवलं की प्रश्न विचारतात. म्हणून डेटा व्हिज्युअलायझेशनचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं.

आता जिल्ह्यातली पुष्कळ मुलंमुली याच वाटेला लागली आहेत. कुणाला नोकरीसाठी हवं आहे, कुणाला प्रकल्पासाठी. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सॉफ्टवेअर दोन क्लिकमध्ये चित्र काढून देतं, ही जाहिरात खरी आहे. मात्र ते चित्र काढताना आपल्याला न विचारता ते बरेच निर्णय घेऊन मोकळं होतं. नवशिक्यानं आधी शिकायचं ते हे निर्णय ओळखायला. कोणतं बटण कुठं आहे ते कुणीही दाखवतं.

नकाशाचंच घ्या. गावांच्या नावांचा रकाना सॉफ्टवेअरला दिला की ते प्रत्येक नावापुढं जागा शोधून ठिपका मांडतं. गटाच्या सभेत असा नकाशा भिंतीवर लावला होता. मागच्या रांगेतले एक काका उठले, जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाले, "बाई, हे आपलं लोहारा नोहे. हे तं पार तिकडं मराठवाड्यात गेलं." त्यांचं बरोबर होतं. धाराशिव जिल्ह्यात लोहारा नावाचा तालुकाच आहे आणि सॉफ्टवेअरनं त्या नावाच्या दोन ठिकाणांतलं मोठं निवडलं होतं. कळंबचंही तसंच. चिंतामणीचं कळंब आपल्या जिल्ह्यात, दुसरं कळंब पुन्हा धाराशिवमध्ये, आणि दोन्ही तालुक्याची ठिकाणं. नुसत्या नावावर विसंबलं तर इकडचा पाऊस तिकडं पडतो.

यावरचा उपाय साधा आहे. गावाच्या रकान्याशेजारी तालुका, जिल्हा, राज्य आणि देश यांचे वेगळे रकाने ठेवा. त्याहून पक्कं काम हवं असेल तर जनगणनेचा गावाचा संकेतांक किंवा पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला संकेतांक वापरा. नावं बदलतात. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. जुन्या यादीतलं नाव नव्या नकाशाशी जुळलं नाही की तो जिल्हा पांढरा राहतो आणि पाहणाऱ्याला वाटतं तिथं काही घडलंच नाही. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. त्याआधीच्या नकाशांत राज्याचे जिल्हे ३५ आहेत. म्हणून नकाशा उतरवून घेतला की आधी जिल्हे मोजावेत. अक्षांश-रेखांश देत असाल तर त्यांचा क्रम तपासा. यवतमाळचा अक्षांश साधारण २०.४ आणि रेखांश ७८.१. हे दोन आकडे उलटे पडले तर ठिपका नॉर्वेच्या स्वालबार बेटांकडे, आर्क्टिकमध्ये जातो.

दुसरा निर्णय बेरजेचा. आकड्यांचा रकाना ओढून आलेखात टाकला की पॉवर बीआय आणि टॅब्लो ही दोन्ही सॉफ्टवेअर सहसा त्याची बेरीज करतात. आवक क्विंटलमध्ये असेल तर बेरीज योग्यच. पण पाऊस? आपल्या जिल्ह्यात १६ तालुके आहेत. सोळांचा पाऊस एकत्र मिळवला तर येणारा आकडा जगात कुठंच पडलेला नसतो. भावाचीही बेरीज होत नाही, तिथं सरासरी हवी, आणि सरासरीतही पुन्हा पाहावं लागतं. एका दिवशी ५० क्विंटल कापूस चढ्या भावानं गेला आणि दुसऱ्या दिवशी २,००० क्विंटल उतरत्या भावानं, तर दोन दिवसांच्या भावांची साधी सरासरी कास्तकाराच्या हाती पडलेल्या पैशाबद्दल काहीच खरं सांगत नाही. आवकेचं वजन देऊन काढलेली सरासरीच इथं उपयोगाची. सॉफ्टवेअरला हे आपण सांगावं लागतं. त्याला भाव आणि आवक दोन्ही नुसते आकडेच दिसतात.

तिसरा निर्णय मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो नजरेला खटकत नाही. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२३-२४ मध्ये क्विंटलला ७,०२० रुपये होता, २०२४-२५ मध्ये ७,५२१ आणि २०२५-२६ साठी ८,११०. या तीन आकड्यांचा स्तंभालेख एक्सेलमध्ये काढून बघा. आकडे एकमेकांच्या जवळ असले की एक्सेल उभा अक्ष शून्यापासून सुरू करत नाही, मध्येच कुठूनतरी करतं. समजा अक्ष ६,५०० पासून सुरू झाला. मग पहिला स्तंभ ५२० उंचीचा, दुसरा १,०२१ चा, तिसरा १,६१० चा. डोळ्याला दिसतं की दोन वर्षांत हमीभाव तिपटीहून अधिक झाला. प्रत्यक्षातली वाढ साडेपंधरा टक्के आहे. अक्षावरचे बारीक आकडे सभेत मागं बसलेल्याला वाचता येत नाहीत, त्याला फक्त उंची दिसते. ज्या जिल्ह्यात कापसाच्या भावावर मुलीचं लग्न आणि मुलाची फी ठरते, तिथं असा स्तंभ समोर ठेवणं म्हणजे माणसांची फसवणूक आहे, मग ती कुणी मुद्दाम केलेली नसली तरी. स्तंभाची उंची हेच त्याचं सांगणं असतं, म्हणून त्याचा अक्ष शून्यापासूनच हवा. बारीक चढउतार दाखवायचे असतील तर स्तंभ सोडून रेषा घ्यावी, कारण रेषेत डोळा उतार वाचतो. अक्षाच्या मांडणीत जाऊन किमान मूल्याच्या जागी शून्य टाकायला वेळ लागत नाही. ते टाकायचं असतं, हे मात्र माहीत असावं लागतं.

मग येतात तारखा. ०५/०६ म्हणजे आपल्याला ५ जून, मृगाच्या तोंडावरची तारीख. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर तो ६ मे वाचतो. महिन्याची १२ तारीख ओलांडली की त्याला ती तारीख वाटतच नाही, मजकूर वाटतो, आणि निम्म्या नोंदी आलेखातून गळतात. म्हणून संगणकाची प्रादेशिक मांडणी भारताची करून घ्या, किंवा तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहा. ती सहसा चुकीची वाचली जात नाही.

तारखेतच आणखी एक गोम आहे, जिच्याबद्दल मला कोणत्याही शिकवणीत ऐकायला मिळालं नाही. पॉवर बीआय तारखा आपोआप वर्ष, तिमाही, महिना अशा गटांत घालतं आणि त्याचं वर्ष जानेवारीला सुरू होतं. कापसाचं वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर. आवक दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि नव्या वर्षात बरीच पुढं चालते. वर्षानुसार आलेख काढला की एकच हंगाम दोन तुकड्यांत मोडतो आणि प्रत्येक स्तंभात दोन वेगवेगळ्या पिकांची खिचडी होते. आम्ही नोंदीतच 'हंगाम' नावाचा वेगळा रकाना केला आणि त्यात २०२४-२५ असं लिहायला लागलो, तेव्हा कुठं चित्र कास्तकाराच्या आठवणीशी जुळायला लागलं.

आकड्यांच्या मोजमापाचं थोडक्यात सांगते. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ होती. सॉफ्टवेअर हे २.७७ मिलियन असं दाखवतं. आपल्याकडे हिशेब लाख-कोटीत होतो. मग रकान्याला एक लाखानं भागून नवा रकाना करा आणि शीर्षकात 'लाखांत' असं स्पष्ट लिहा.

मराठी मजकुराचा त्रास मात्र मोठा आहे. जुन्या कार्यालयीन फायली कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेल्या असतात. त्या फाँटमध्ये दिसतात मराठी, पण आत साठवलेली अक्षरं इंग्रजी असतात. आलेखात आणल्या की गावांच्या नावांच्या जागी निरर्थक चिन्हं उमटतात. अशा फायली आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात आणि बदलल्यावर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. सीएसव्ही फाइल जतन करताना यूटीएफ-८ निवडायचं, नाहीतर देवनागरी पुन्हा बिघडते. रकान्यात आकडे १, २, ३ असे देवनागरीत टाइप केलेले असतील तर सॉफ्टवेअर त्यांना बहुधा मजकूर समजतं आणि मोजत नाही. नोंदीत इंग्रजी आकडे ठेवा, छापायच्या कागदावर मराठी आणा. 'दारव्हा' आणि 'दारव्हा ' ही नावं आपल्याला एकच वाटतात. शेवटच्या रिकाम्या जागेमुळं सॉफ्टवेअर त्यांचे दोन तालुके करतं. खरं सांगायचं तर या कामातला बहुतेक वेळ अशा साफसफाईत जातो, आणि शिकवणीत तिला सगळ्यांत कमी वेळ मिळतो.

शिकवणीचा विषय निघालाच आहे तर बोलते. एका खासगी वर्गानं चांगली घसघशीत फी घेऊन तयार, स्वच्छ फायलींवर रंगीत डॅशबोर्ड करवून घेतले. घरी येऊन बाजार समितीच्या आकड्यांना हात लावला तर त्यातलं फार थोडं कामी आलं. फी भरण्याआधी विचारा: माझी स्वतःची फाइल आणली तर चालेल का? नाही म्हणाले तर परत फिरा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिबरऑफिस कॅल्कचे धडे मराठीत आहेत आणि ते मोफत आहेत. सुरुवात तिथून करणं मला उत्तम वाटतं. कॅल्कमध्ये किंवा एक्सेलमध्ये तक्ता नीट मांडता आला, एका ओळीत एकच नोंद ठेवता आली, की पुढचं कोणतंही सॉफ्टवेअर हाताळता येतं.

त्यानंतर काय घ्यायचं? पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, पण फक्त विंडोजवर चालतं, आणि तयार आलेख ऑनलाइन इतरांना द्यायला जीमेलचा पत्ता चालत नाही, कार्यालयाचा किंवा कॉलेजचा लागतो. जुन्या, कमी मेमरीच्या लॅपटॉपवर ते फार रेंगाळतं. लुकर स्टुडिओ ब्राउझरमध्येच चालतं, त्याला नेट मात्र सतत हवं. नकाशांचंच काम असेल तर क्यूजीआयएस मोफत आणि मजबूत आहे. शिकायला धीर लागतो. टॅब्लो पब्लिकही फुकट, पण तिथं प्रकाशित केलेलं काम जगासाठी उघडं होतं. पॉवर बीआयमधल्या 'वेबवर प्रकाशित करा' या सोयीचंही तेच. सभासदांची नावं, मोबाइल क्रमांक, आधार, कर्जाची थकबाकी असलेली फाइल अशा ठिकाणी कधीही चढवू नका. ज्या माणसानं विश्वासानं गटाला आपली थकबाकी सांगितली, ती त्याच्या सोयऱ्यांना इंटरनेटवर दिसणं हा अपराध आहे. आधी नावं काढा, आकडे तालुक्याच्या पातळीवर एकत्र करा, मग पुढं जा.

सुरुवातीला एक गोष्ट मी सगळ्यांना करायला सांगते: पहिला आलेख आलेख-कागदावर हातानं काढा. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५८ मध्ये क्रिमियाच्या युद्धातल्या मृत्यूंचा आलेख मांडला, तेव्हा जखमांपेक्षा रोगांनी किती अधिक सैनिक मेले हे एका नजरेत दिसलं. त्या काळी कोणताही निर्णय यंत्र घेत नव्हतं. अक्ष कुठून सुरू, काय मिळवायचं, कशाला कोणता रंग, सगळं माणसाला ठरवावं लागे. हातानं काढताना तेच निर्णय आपल्यापुढं एकेक करून येतात. मग सॉफ्टवेअरमध्ये तोच आलेख काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. जिथं फरक दिसेल तिथं सॉफ्टवेअरनं आपल्यासाठी काहीतरी ठरवलेलं असतं.

शेवटी छपाई. गावात रंगीत प्रत कुणी काढत नाही, झेरॉक्स काळी-पांढरीच निघते. लाल आणि हिरवी रेषा झेरॉक्समध्ये सारख्याच करड्या होतात, म्हणून एक रेषा सलग, दुसरी तुटक ठेवा आणि नावं कोपऱ्यातल्या चौकटीत न देता रेषेच्या टोकालाच लिहा. आलेखाच्या खाली, त्याच चित्रात, हंगाम, बाजार समितीचं नाव, आकडे कुठून घेतले आणि कोणत्या तारखेपर्यंतचे आहेत ते टाइप करा. सभा संपायच्या आत कुणीतरी मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतो आणि तिथं समजावून सांगायला आपण नसतो.