‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ म्हणजे हिशेब गेले का?

प्रश्न : अकोले तालुक्यात आमचं दूध संकलन केंद्र आहे. काउंटरवरचा कॉम्प्युटर जुना, विंडोज एक्सपीचा. परवा लाइट जाऊन आली, तेव्हापासून काळ्या पडद्यावर ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ एवढंच येतं. दुरुस्तीवाला फॉरमॅट मारायला सांगतो. उत्पादकांचे हिशेब गेले का?

उत्तर : फॉरमॅट मारू देऊ नका. एनटीएलडीआर ही एक्सपी सुरू करून देणारी छोटीशी फाइल आहे. ती सापडली नाही म्हणून हिशेब पुसले जात नाहीत. आधी कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लागून राहिलाय का ते बघा. असेल तर काढून पुन्हा चालू करा. पुष्कळदा दुखणं एवढंच असतं.

तरी चालू झाला नाही, तर डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. तारीख काही वर्षं मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तो बदला आणि बूटच्या क्रमात हार्ड डिस्क पहिली ठेवा. डिस्कचं नावच दिसत नसेल, तर केबल काढून घट्ट बसवा. डिस्क टकटक वाजत असेल, तर मात्र पुन्हा चालू करून बघायचा मोह टाळा, नाहीतर आहे तेही जाईल.

डिस्क दिसतेय? मग ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून हिशेबाचं फोल्डर उतरवून घ्या. दुरुस्ती त्यानंतर. एक्सपीच्या सीडीवरून सुरू करून ‘आर’ दाबा, ‘आय३८६’ फोल्डरमधल्या एनटीएलडीआर आणि एनटीडिटेक्ट या दोन फाइली सी ड्राइव्हवर कॉपी करा, मग ‘फिक्सबूट’ चालवा.

एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच थांबले. त्यामुळे हा कॉम्प्युटर इंटरनेटला जोडू नका, आणि यूपीएस या आठवड्यातच घ्या.