घरच्या संगणकाची राखीव प्रत : बिनतारी पेटी कशी निवडावी?



दोन वर्षांपूर्वीच्या पोळ्यास आमच्या शाळेतील नववीच्या मुलामुलींनी एक चांगले काम हाती घेतले होते. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींतील खेड्यांत पोळ्याच्या तोरणाखाली ज्या झडत्या म्हटल्या जातात, त्या जाणत्या माणसांच्या तोंडून ऐकून ध्वनिमुद्रित करावयाच्या, असा तो संकल्प होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार पाहावयास दूरदूरची माणसे येतात. परंतु आदल्या सायंकाळी बैलांपुढे म्हटल्या जाणाऱ्या झडतीची दखल सहसा कोणी घेत नाही. आमची मातृभाषा कोकणी. त्यामुळे या झडत्यांतील कित्येक शब्द आम्हांस नवीन होते, आणि ते समजावून देताना वर्गातील मुलेच आमची गुरू झाली.

हे सर्व ध्वनिमुद्रण शाळेच्या एकाच संगणकात साठविले होते. पुढील उन्हाळ्यात एके दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली. आणि त्यानंतर त्या संगणकातील हार्ड डिस्क उघडेचना. नागपूरला नेऊन दाखविली, तेव्हा तेथील कारागिरानेही हात टेकले. काही झडत्या मुलांच्या घरच्या मोबाइलमध्ये शिल्लक होत्या, त्या मिळाल्या, बाकीच्या गेल्या. सौंसरकडील ज्या वृद्ध शेतकऱ्याने सर्वांत अधिक झडत्या सांगितल्या होत्या, ते त्यापूर्वीच निवर्तले होते. दोष विजेला देता येईल, यंत्रालाही देता येईल. परंतु खरा दोष आमचा होता. दुसरी प्रत ठेवावी, हे आम्हांस वेळेवर सुचले नाही.

या घटनेनंतर अनेक पालक आम्हांस विचारू लागले की, घरच्या संगणकासाठी बाजारात जी बिनतारी बॅकअपची पेटी मिळते, ती घ्यावी काय, आणि घ्यावयाची तर कोणती? आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रविद्या हा आमचा प्रांत नव्हे. तथापि ठेच लागल्यावर जे वाचले, जाणत्यांस विचारले आणि करून पाहिले, ते येथे क्रमाने मांडीत आहोत.

प्रथम ‘राखीव प्रत’ म्हणजे काय, हे स्पष्ट झाले पाहिजे. एकाच संगणकात एका कप्प्यातील निबंध दुसऱ्या कप्प्यात उतरवून ठेवला, तर ती राखीव प्रत होत नाही; कारण डिस्क बिघडली की दोन्ही एकदमच जातात. राखीव प्रत ती, जी मूळ वस्तूवर आलेल्या संकटात सापडत नाही. ही गोष्ट आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हती असे नाही. आपल्या पांढुर्ण्याहून वरुड-मोर्शीच्या वाटेने गेले असता रिद्धपूर लागते. तेथे म्हाइंभटांनी इ. स. १२७८च्या सुमारास श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी जमवून ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ सिद्ध केला. महानुभाव परंपरा असे सांगते की, पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली; आणि ज्यांनी ती मुखोद्गत केली होती, त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा लिहून काढावा लागला. म्हणूनच आज त्याचे निरनिराळे पाठ आढळतात. ग्रंथ वाचला, कारण त्याची एक प्रत माणसांच्या स्मृतीत होती. परंतु मूळ शब्द कोणते, याची चर्चा मात्र विद्वानांस आजतागायत करावी लागते.

दुसरे उदाहरण आमच्या मातृभाषेचे आहे. सोळाव्या शतकातील कोकणी रामायण-महाभारताच्या गद्य कथा आज उपलब्ध आहेत, त्या गोव्यातील एखाद्या मंदिरात अथवा घरात सापडल्या म्हणून नव्हे. जेझुइट पाद्र्यांनी भाषा शिकण्याकरिता त्या रोमी लिपीत उतरवून घेतल्या होत्या आणि ती हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा शहराच्या ग्रंथालयात जाऊन राहिली, म्हणून त्या वाचल्या. ज्या राजवटीत गोव्यातील देशी ग्रंथांचा संहार झाला, तिच्याच पाद्र्यांनी केलेली प्रत दूर देशी सुरक्षित राहावी, हा योगायोग होय. त्यातील बोध मात्र निश्चित आहे : प्रत दुसऱ्या ठिकाणी असली पाहिजे.

आता बिनतारी पेटीकडे वळू. घरात इंटरनेटसाठी जे राउटर बसवितात, ते वायुलहरींच्या द्वारे घरातील सर्व संगणकांस एका जाळ्यात आणते. या जाळ्यास एक हार्ड डिस्क जोडली की, प्रत्येक संगणकाला तार न लावता तिच्यावर लिहिता येते. प्रथम सर्व सामग्रीची पूर्ण प्रत होते; नंतर दररोज केवळ बदललेला भाग उतरविला जातो. विंडोज संगणकात ‘फाइल हिस्टरी’ आणि ॲपलच्या संगणकात ‘टाइम मशीन’ ही व्यवस्था या कामासाठी आहे. बिनतारी पेटीचा मोठा गुण वेगाचा नव्हे, सवयीचा आहे. तार जोडून दर रविवारी प्रत घेण्याचा निश्चय दोन-तीन रविवार टिकतो. ही पेटी मात्र कोणी आठवण न देताही आपले काम करीत राहते.

अशा साधनांचे तीन प्रकार दिसतात. पहिला, राउटरच्या यूएसबी खोबणीत जोडलेली साधी डिस्क. हा स्वस्त असतो, पण प्रत्येक राउटरमध्ये ती सोय नसते आणि असली तरी बहुधा मंद चालते. दुसरा, स्वतंत्र साठवण-पेटी. हिच्यात एक किंवा दोन डिस्क बसतात, ती एका तारेने राउटरला जोडलेली असते आणि घरातील संगणक तिच्याशी बिनतारी बोलतात. तिसरा, विजेरीवर चालणारी लहान बिनतारी डिस्क. प्रवासात छायाचित्रे ठेवण्यास ती बरी, परंतु नित्याच्या राखीव प्रतीसाठी आम्ही ती सुचविणार नाही. घरासाठी दुसरा प्रकार योग्य होय. तो निवडताना पुढील कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी आकारमानाची. घरातील सर्व संगणकांत मिळून जेवढी सामग्री असेल, तिच्या दुप्पट ते तिप्पट जागा पेटीत असावी. कारण जुन्या आवृत्त्याही साठवावयाच्या असतात. एक टेराबाइटची डिस्क विंडोज संगणकास जोडली असता ९३१ गिगाबाइटच दिसते, तेव्हा दुकानदाराने फसविले असे समजू नये. कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो आणि संगणक १०२४च्या पटीने, भेद एवढाच.

दुसरी कसोटी वेगाची. येथे थोडे गणित करू. समजा, २०० गिगाबाइट सामग्री उतरावयाची आहे. जुन्या घरांच्या जाड भिंतींतून वायुलहरी जाताना वेग सेकंदास ५ मेगाबाइटपर्यंत उतरला, तर ४०,००० सेकंद, म्हणजे अकरा तासांहून अधिक वेळ लागेल. तेच काम चांगल्या तारेने सेकंदास १०० मेगाबाइट वेगाने केले, तर २,००० सेकंदांत, म्हणजे सुमारे ३३ मिनिटांत उरकते. यास्तव पहिली पूर्ण प्रत तारेने करावी आणि रोजचा लहान फरक बिनतारी जाऊ द्यावा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून बऱ्या जातात, परंतु मंद असतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असतात, परंतु भिंतीने लवकर क्षीण होतात. पेटी घेतानाच तिची तारेची खोबण गिगाबिट वेगाची आहे ना, हे विचारून घ्यावे.

तिसरी कसोटी जुन्या आवृत्त्यांची. काही पेट्यांत दोन डिस्क असतात आणि एकीवर लिहिलेले तत्क्षणी दुसरीवरही उमटते. एक डिस्क मोडली तर याचा उपयोग होतो. परंतु मंगळवारी चुकून पुसलेला निबंध दोन्हींवरून एकदमच पुसला जातो. शुक्रवारी चूक ध्यानात आल्यावर सोमवारचा निबंध परत मिळाला पाहिजे. ही सोय नसेल, तर तो आरसा आहे, राखीव प्रत नव्हे.

चौथी कसोटी कारखानदाराच्या आधाराची. ॲपलने २००८ साली राउटर आणि डिस्क एकत्र असलेली ‘टाइम कॅप्सूल’ ही पेटी काढली आणि २०१८ साली ती बंद केली. त्याहून मोठा धडा वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या ‘माय बुक लाइव्ह’ या घरगुती जाळ्यातील डिस्कचा आहे. तिच्या आज्ञावलीतील दोष दुरुस्त करणे कंपनीने २०१५ साली थांबविले होते. जून २०२१मध्ये इंटरनेटवरून शिरलेल्या हल्लेखोरांमुळे जगभरातील अनेक ग्राहकांच्या डिस्क रिकाम्या झाल्या. वर्षानुवर्षांची छायाचित्रे एका रात्रीत गेली. म्हणून ज्या पेटीस नव्या दुरुस्त्या मिळत आहेत तीच घ्यावी, तिचा मूळचा परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा, आणि घराबाहेरून ती उघडण्याची सोय गरज नसेल तर बंदच ठेवावी.

पाचवी कसोटी आपल्या हवेची आणि विजेची. अनेक साठवण-पेट्यांच्या माहितीपत्रकात भोवतालच्या उष्णतेची मर्यादा ३५ किंवा ४० अंश दिलेली असते. आपल्याकडचा मे महिना ती सहज ओलांडतो. तेव्हा पेटी माळ्यावर, पत्र्याखाली अथवा बंद कपाटात ठेवू नये. लिहिणे चालू असताना वीज तुटली, तर डिस्कवरील नोंदी विस्कटतात. म्हणून पेटी व राउटर या दोहोंसाठी लहानसा यूपीएस घ्यावा. हा खर्च अनाठायी नाही. शाळेने तो केला नव्हता, त्याचे फळ वर सांगितलेच आहे.

सहावी कसोटी कुलपाची. घरच्या संगणकात शेतीचा खसरा, बँकेची कागदपत्रे, आधारपत्र, गुणपत्रिका अशा गोष्टी असतात. पेटी चोरीस गेली तरी चोरास त्या वाचता येऊ नयेत, म्हणून प्रत सांकेतिक रूपात ठेवण्याची सोय वापरावी. मात्र त्याची किल्ली, म्हणजे परवलीचा शब्द, कागदावर लिहून घरातील दोन मोठ्या माणसांजवळ द्यावा. किल्ली हरवलेले कुलूप धन्यालाही चोर समजते.

इतक्या कसोट्या लावून उत्तम पेटी आणली, तरी काम पुरे झाले असे मानू नये. आग, चोरी वा पूर आल्यास संगणक आणि पेटी एकाच घरात असल्याने दोन्ही जातील. खंडणी मागणारे संगणक-विषाणू तर जाळ्यास जोडलेल्या डिस्कवरील प्रतीही निकामी करू शकतात. अमेरिकेतील छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम येथे उपयोगी पडतो : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. दर महिन्यास एका साध्या तारेच्या डिस्कवर प्रत घ्यावी आणि ती डिस्क नातलगांकडे ठेवावी. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला नवा जिल्हा झाला. पांढुर्ण्याच्या घराची डिस्क सौंसरच्या मावशीकडे आणि मावशीची आपल्याकडे, अशी अदलाबदल करणे कोणास कठीण आहे?

शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. घेतलेली प्रत उघडून पाहिली पाहिजे. १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने त्यातील बरीच सामग्री पुसली गेली. एवढ्या मोठ्या संस्थेकडे राखीव फिती होत्या. पण त्या नीट भरल्याच जात नव्हत्या, हे तेव्हा कळले. गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ बाई मूल लहान असल्यामुळे घरून काम करीत. त्यांच्या घरच्या संगणकात असलेल्या प्रतीने चित्रपट वाचला. आमच्या उरलेल्या झडत्याही मुलांच्या घरच्या मोबाइलनेच वाचविल्या. परंतु दैवावर भरवसा ठेवून चालत नाही. महिन्यातून एकदा पेटीतील एखादे छायाचित्र, एखादा निबंध परत काढून, उघडून पाहावा.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देतो. घरी एकच संगणक असेल आणि पैसा मोजका असेल, तर बिनतारी पेटीचा मोह न धरता दोन साध्या डिस्क घ्याव्यात. एक घरी, एक बाहेर. घरी दोन-तीन संगणक असतील आणि प्रत घेण्याचा आळस होत असेल, तर बिनतारी पेटी अवश्य घ्यावी. परंतु बाहेरची डिस्क त्याहीपूर्वी घ्यावी. पेटी नुसती प्रत करते. जतन करणे हे माणसाचे काम आहे.

गेल्या पोळ्यास नव्या तुकडीने तोरणाखाली पुन्हा झडत्या मुद्रित केल्या. आज त्यांची एक प्रत शाळेत, एक शाळेच्या पेटीत आणि एक सौंसरला आहे. येत्या सुट्टीत तुम्हीही आपल्या आजी-आजोबांजवळ बसा. त्यांच्या झडत्या, ओव्या, शेताच्या बांधांची नावे मुद्रित करून घ्या, आणि त्याच दिवशी दुसरी प्रत करा. ते वृद्ध शेतकरी गेले. त्यांचा नातू आमच्याच शाळेत शिकतो. आजोबांच्या एका झडतीच्या पहिल्या दोन ओळी त्याला येतात. पुढचे काही केल्या आठवत नाही.